लिनक्सवर चालत नसतं म्हणे

आमचे अण्णा नांदेडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. दिवसभर माईकवर किनवट, हदगाव, उदगीर, देगलूर करून करून त्यांच्या जिभेला तेच वळण लागलेलं. घरातसुद्धा ते बोलत नसत, घोषणा करत. एकदा सांगायचं, ठणठणीत सांगायचं, आणि ज्याला ऐकू आलं नाही त्याची गाडी चुकली. वरणात मीठ कमी पडलंय हेही असं सांगायचे की भिंतीपलीकडच्या रजिया खालांना कळायचं. त्या साली भादव्यात, भाकरी आणि अंबाडीची भाजी जेवता जेवता, अण्णांनी अशीच एक घोषणा केली. घट बसले की दुसऱ्या दिवशी उषा लातूरला जाईल. उषा म्हणजे मी. मायनं त्यांच्या ताटात गरम भाकरी टाकली आणि गॅसकडे तोंड वळवलं.

कशाला जाईल हे सांगायची गरज नव्हती. माझा धाकटा भाऊ बालाजी अकरावीला लातूरला होता. दहावीला बरे मार्क पडलेलं पोरगं घरी ठेवणं म्हणजे आमच्याकडे पाप. त्याला लातूरला नेऊन घालायचं, खोली करून द्यायची, क्लास लावायचे, आणि मागोमाग घरातल्या एखाद्या बाईनं तिथं जाऊन रांधायला बसायचं. संध्याकाळी त्या क्लासवाल्या गल्ल्यांमधून चालून बघा. खिडकीखिडकीतून कुकरच्या शिट्ट्या, आणि दारात लसूण सोलत बसलेल्या आया, आज्या, मावश्या, एकमेकींना विचारून राहिलेल्या की तुमच्या पोराला फिजिक्स कुणाकडे. बालाजीला मेसचं अन्न सोसत नव्हतं, पोट सारखं बिघडायचं. मायला जाता येत नव्हतं, कारण अण्णांच्या ड्यूट्या आणि अण्णांची शुगर. राहिले मी. बी.एस्सी. झालेली, लग्न न जमलेली, एका कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना टॅली शिकवणारी, म्हणजे अण्णांच्या हिशोबी रिकामी. बारावी होईपर्यंत भावाला करून घालायचं, तो डॉक्टर होईल, मग तुझं बघू. माझ्या भाकरीला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही आणि आजही परातीएवढी थापते, तेव्हा मी कामाला भ्याले असं कुणी समजू नये. मला राग आला तो मला कुणी विचारलं नाही याचा. लई राग आला. अजूनही येतो.

आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्या हाताला एक गोष्ट लागली होती. मी नेट कॅफेत जाऊन विंडोजच्या जागी फुकट मिळणाऱ्या लिनक्सच्या एका चर्चागटात लोकांचे प्रश्न सोडवत बसायचे. कुणाचा प्रिंटर चालत नाही, कुणाचा आवाज येत नाही, मला जमेल ते सांगायचे. पुण्याच्या एका छोट्या कंपनीतल्या बाईंनी ते वाचलं आणि मला सरळ फोन केला. त्यांची कॉम्प्युटरची मशीनं दूर कुठंतरी ठेवलेली होती. ती नीट चालून राहिलीत का हे घरी बसून बघायचं, बिघडली तर घरूनच हात लावायचा, असं काम. पंधरा दिवस करून दाखव, म्हणाल्या, पण नेटची लाईन पक्की पाहिजे, दिवसा मध्येच गायब झालीस तर आमच्या उपयोगाची नाहीस. मी अण्णांना सांगितलं. अण्णांनी घास थांबवून विचार केला आणि दुसरी घोषणा केली: पंधरवडा बघू, चालली गाडी तर चालली, न्हाई तर लातूर. माय एवढंच म्हणाली, "पितरपाटात कोन नवं काम धरतं गं बाई." खरं होतं तिचं. पितृपक्षात आमच्याकडे नवं फडकंसुद्धा कुणी घेत नाही. मी नोकरी धरली.

कॉम्प्युटर माझा होता. टॅलीच्या शिकवणीतून जोडलेला, एकेक भाग आणून बसवलेला, मधल्या खोलीत पिठाच्या डब्याशेजारी ठेवलेला. मायनं त्याला जुन्या साडीची झालरीची खोळ शिवली होती आणि लक्ष्मीपूजनाला त्याला हळदकुंकू लागायचं. आधी त्यावर दुकानदारानं घालून दिलेलं चोरीचं विंडोज होतं. बालाजीनं कुठूनसा व्हायरस आणला आणि माझं सगळं साफ झालं. तेव्हा मी एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलं. कुणी शिकवलं नाही. कॉलेजातल्या सरांना विचारलं तर म्हणाले, ते मोठ्या कंपन्यांसाठी असतं, तुला काय करायचंय. झालं, मग तर मला करायचंच होतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बघून माय म्हणायची, ह्याला काय चित्रं न्हाईत का गं. चित्रं होती, पण मला ती अक्षरंच आवडायची. त्यात मशीन आपल्या मनातलं सांगतं, लपवत नाही. विंडोज नुसतं "अडचण आली आहे" म्हणून हात वर करतं. अडचण कुठे आली हे कोण सांगणार?

त्या वर्षी आमच्या भागात केबलवरून नेट द्यायला सुरुवात झाली होती. टीव्हीच्याच काळ्या तारेतून नेट, घरात एक डबा ठेवायचा, त्याला मॉडेम म्हणायचं, त्यावर दिवे. केबलवाल्याला सगळे नंदूशेठ म्हणत. पांढरी पँट, कमरेला मोबाईल, आणि त्या काळात स्वतःचा लॅपटॉप. तो डबा घेऊन आला, चालू करून आधी स्वतःच्या लॅपटॉपवर तपासला, मायनं केलेला चहा प्यायला, आणि माझी स्क्रीन बघून त्याचं तोंड उतरलं. हे काय टाकलंय, म्हणाला, आणि हे तो मला नाही, अण्णांना म्हणाला. "साहेब, आपलं नेट लिनक्सवर चालत नसतं." मी म्हटलं, जोडून तर बघा. जोडलं. चाललं नाही. मग त्यानं मॉडेमची विजेची वायर काढून पुन्हा लावली, स्वतःचा लॅपटॉप जोडला, आणि लगेच गाणं वाजवून दाखवलं. परत माझं मशीन जोडलं, ढिम्म. "बघा," तो अण्णांना म्हणाला, "लाईन ओके हाय. पोरीनं मशीनमध्ये काहीतरी करून ठेवलंय. विंडोज टाका, मग आपली कंप्लेंट घेतो." आणि गेला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. लातूरची गाडी फलाटाला लागली एवढं मला कळलं.

विंडोज टाकता आलं असतं. तासाभराचं काम. लोक अजून विचारतात, एवढा हट्ट कशाला? म्हणून सांगते. पुण्याचं काम लिनक्सवरचंच होतं हे एक. पण तसं नसतं तरी मी टाकलं नसतं. माझ्या घरात, माझ्या पैशाच्या मशीनकडे बोट दाखवून, माझ्याशी न बोलता, एक माणूस सांगतो की दोष पोरीचा आहे, आणि घरातली सगळी माना डोलावतात. दोष माझा असेल तर मी मान्य करेन. पण आधी दोष दाखव. नुसतं चालत नसतं म्हणे. काय चालत नसतं, कुठे अडतं, ते सांग की.

मी बसले. आधी माझं मशीन काय म्हणतंय ते वाचलं. ते मॉडेमकडे नेटवर जायला लागतो तो पत्ता मागत होतं, पुन्हा पुन्हा मागत होतं, आणि मॉडेम उत्तरच देत नव्हता. पण लॅपटॉपला मॉडेमनं पत्ता दिला होता. फरक काय? डोक्यात पहिल्यापासून सगळं फिरवलं. नंदूशेठनं इथं मॉडेम चालू केल्या केल्या आधी स्वतःच्या लॅपटॉपवर तपासला होता. नंतर त्याच चालू मॉडेमला माझं मशीन लावलं, चाललं नाही. मग त्यानं मॉडेमची विजेची वायर काढून पुन्हा लावली, म्हणजे मॉडेम बंद होऊन पुन्हा चालू झाला, आणि त्यानंतर लॅपटॉप जोडला. म्हणजे मॉडेमची खोड अशी होती की उठल्या उठल्या ज्याचं तोंड पहिल्यांदा बघेल त्यालाच ओळखायचं, बाकीच्यांना दारात उभं करायचं. मी मॉडेम बंद केला. थोडा वेळ तसाच निजू दिला. माझं मशीन जोडलं आणि मग चालू केला. दिवे एकेक करत स्थिर झाले आणि मशीननं पत्ता घेतला. मी किंचाळले नाही, काही नाही. उठून मायच्या हातातलं लाटणं घेतलं आणि तिच्या पोळ्या लाटून दिल्या. अण्णा ड्यूटीवरून आले तेव्हा मी पुण्याच्या मशीनवर काम करून राहिले होते. त्यांनी पडदा बघितला, म्हणाले, "चालू झालं होय," आणि हातपाय धुवायला गेले.

तेवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहायला घेतलंच नसतं. दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या आधी लाईन गेली. संध्याकाळी आपोआप आली. दुसऱ्या दिवशी नीट चालली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. पुण्याच्या बाईंनी पहिल्यांदा चालवून घेतलं. दुसऱ्यांदा गेली तेव्हा मात्र फोनवर सरळ म्हणाल्या, "उषा, तुझं काम चांगलंय, पण अजून एकदा असं झालं तर मला दुसऱ्या कुणाला घ्यावं लागेल." मी नंदूशेठला फोन केला. तेच. विंडोज टाका ताई. मी सांगितलं, माझं मशीन मॉडेमशी नीट बोलतंय. लाईन जाते तेव्हा मॉडेम मला एकशे ब्याण्णवनं सुरू होणारा आपल्याच खिशातला पत्ता देतो, पाहुण्याला रिकामं ताट वाढल्यासारखा. म्हणजे त्याला पलीकडून तुमचं काही ऐकूच येत नाही. मॉडेमच्या आतलं पान उघडून बघितलंय, सिग्नल पडलेला दिसतोय. दोष तारेत आहे, माणूस पाठवा. तो हसला. "ताई, साहेब घरी असले की बोलतो," म्हणाला. फोन ठेवला. मी रिसीव्हर इतक्या जोरात आपटला की माय आतून बाहेर आली.

आता घरातलं सांगते, कारण घरातलं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. घट बसायच्या आधी आमच्याकडे दसऱ्याचं धुणं निघतं. घरातलं जे जे म्हणून कापडाचं आहे ते सगळं धुवायचं. पडदे, चादरी, सतरंज्या, आणि मुख्य म्हणजे गोधड्या. वर्षभर अंगाखाली-अंगावर घेतलेल्या, जुन्या लुगड्यांच्या, मायच्या हातच्या, कोरड्या असताना उचलायला जड आणि ओल्या असताना मढ्यासारख्या जड. त्या हातानं धुता येत नाहीत. मोरीत सोड्याच्या पाण्यात भिजवायच्या आणि साडी गुडघ्यापर्यंत खोचून पायांनी तुडवायच्या. आमच्या गल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, त्यामुळे धुणंही एक दिवसाआड. पाण्याच्या दिवशी सगळ्या गल्लीत एकच आवाज, थपक थपक थपक, आणि सोड्याचा उग्र वास. माय आमच्या मोरीत, रजिया खाला त्यांच्या मोरीत, दोघी भिंतीतून गप्पा मारत तुडवायच्या. खालांच्या घरी दसरा नसतो. पण शेजारीण धुऊन राहिली आणि आपण बसून राहिलो हे खालांना कसं सोसेल? त्याही आपल्या रजया काढायच्या.

पाणी यायच्या दिवशी सकाळी मी एक गोष्ट केली. मशीनला सांगितलं की पलीकडच्या टोकाला सारखी हाक मारत राहा, आणि उत्तर आलं की टुक् असा आवाज कर. स्पीकर मोठा केला. अण्णांना ड्यूटीला जायचं होतं, डबा माझ्याकडे होता, मग स्वयंपाकघरात भाकऱ्या थापता थापता कान त्या आवाजाकडे. टुक्, टुक्, टुक्. मोरीत मायची थपक थपक. एका हातात पीठ, दुसऱ्या हातानं तव्यावर पाणी फिरवून राहिले आणि मनात मोजत बसले की आज गेली तर संपलं. तुडवणं थांबलं. माय पिळलेली गोधडी खांद्यावर टाकून जिना चढली, तिच्या ओल्या पावलांचा आवाज मी ऐकला. वर काहीतरी धप्प झालं. आणि टुक् थांबलं.

भाकरी तव्यावर तशीच टाकून मी पिठाच्या हातानं जिन्यावरून पळाले. गच्चीवर माय उभी, दोन्ही हातांनी गोधडीची टोकं सारखी करून राहिलेली. आणि गोधडी होती नंदूशेठच्या काळ्या तारेवर. खांबापासून खालांच्या गच्चीत, तिथून आमच्या गच्चीत, दोन गजांना बांधून त्यानं ती तार छातीएवढ्या उंचीवरून आडवी नेलेली, मधोमध एक जोड, त्याला टेप नाही, झाकण नाही. मायची नायलॉनची दोरी गोधडीच्या वजनानं खाली यायची, ही तार येत नव्हती. वर्षभर त्यावर लहानसहान कपडे वाळत होते. टीव्हीला मुंग्या आल्या असतील, पण दुपारी टीव्ही बघतंय कोण? आता त्या तारेला मधोमध झोळ पडला होता आणि गोधडीचं पाणी जोडावरून ठिबकत होतं. मी गोधडी उचलून कठड्यावर टाकली, जोड पदरानं पुसला, दाबून बसवला. दोघी उभ्या राहिलो. बराच वेळ काही नाही. मग खालून आवाज आला, टुक्. मायला काही कळेना. मी गोधडी पुन्हा तारेवर टाकली. बंद. उचलली, जोड दाबला, थांबलो, टुक्. मी तिसऱ्यांदा तेच करायला गेले तेव्हा मायनं माझा हात धरला. "उषे, काय करून राहिलीस? याड लागलं का?" मी तिला सगळं सांगितलं. सांगताना मी हसून राहिले होते, पण तिचा चेहरा बघून थांबले. ती खाली बसली. "म्हंजे मीच का गं," म्हणाली. "रोज देवाला म्हनून राहिले पोरीचं होऊ दे, आन् वर येऊन मीच मोडून राहिले."

त्या दिवशी मी अण्णांकडूनच नंदूशेठला फोन करवला, कारण त्याला साहेब पाहिजे होते. संध्याकाळी तो आला, सगळे गच्चीवर गेलो. खाला त्यांच्या कठड्याशी उभ्या. गल्लीत कुणाला काही काम नव्हतं, सगळे वर बघून राहिलेले. मी तार दाखवली, जोड दाखवला, काय होतं ते करून दाखवलं, खालचा आवाज ऐकवला. नंदूशेठनं ऐकलं आणि त्याच्या तोंडावर मोठं हसू पसरलं. "म्हंजे साहेब, दोष तुमच्याच घरात निघाला की. घरच्या बाईला आवरा जरा. लाखाचं सामान, त्यावर गोधड्या वाळत घालून राहिल्यात. अडाण्याच्या गाड्यानं नेट चालत नसतं." खालून कुणीतरी हसलं. मायनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि भिंतीला चिकटली. अण्णा, माझे ठणठणीत आवाजाचे अण्णा, खाली बघत राहिले.

मला आजही ते हसणं ऐकू येतं. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"नंदूशेठ, तार खांबावरून न्यायची असती. तुम्ही आमच्या गच्चीतून नेली, कुणाला विचारलं? माझ्या मायला विचारलं? ही गच्ची हाय, हिच्यात धुणं वाळनार. तुमचा जोड उघडा हाय, तो पावसात बी भिजनार, दवात बी भिजनार. आन् तुम्ही सारखं सांगत आलात, लिनक्सवर चालत नसतं. आता खाली आवाज येऊन राहिलाय तो कशावर येऊन राहिलाय? सांगा की. सगळे ऐकून राहिलेत."

तो अण्णांकडे बघायला लागला. मी म्हटलं, तिकडं काय बघता, माझ्याशी बोला. तेवढ्यात कठड्यापलीकडून रजिया खालांनी तोंड घातलं. त्या फार बोलायच्या नाहीत, बोलल्या की संपायचं. "दसरे का धोना दसरे को नक्को तो क्या रमजान में धोना? तार उठा तेरी, मेरी छत पर से भी उठा." आता गल्ली हसली ती त्याला. नंदूशेठ काहीबाही पुटपुटला, उद्या माणूस पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, उद्या पाण्याचा दिवस नसला तरी परवा हाय, आमच्या गोधड्या राहिल्यात. दुसऱ्या दिवशी सकाळीच तार बाहेरच्या भिंतीनं वरून गेली, नवा जोड, त्याला दोनदा टेप. लिनक्सबद्दल त्यानंतर त्यानं तोंड उघडलं नाही. पुढे वर्षभरानं त्याच्या ऑफिसातलं मशीन बसलं तेव्हा मलाच बोलावलं, आणि मी गेलेही, पण चहा त्याच्याकडून करून घेतला. माणूस वाईट नव्हता. त्याला बायका तारेच्या आजूबाजूला राहतात हेच माहीत नव्हतं.

त्यानंतर लाईन हलली नाही. राहिलेली धुणी झाली, गोधड्या कठड्यावर आणि नव्या दोरीवर वाळल्या, सर्वपित्रीला वडे झाले, कावळ्याला घास गेला, आणि पुण्याच्या बाईंचा फोन आला. काम तुझं, म्हणाल्या. मी मायला सांगितलं तर तिनं माझ्या गालावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मला वाटलं, झालं. मी किती भोळी होते बघा. संध्याकाळी अण्णा घरी आले, ऐकलं, खरंच आनंद झाला त्यांना, डोळ्यांत दिसला. आणि मग ते म्हणाले, बरं झालं, नोकरी बी झाली. लातूरला बी केबल असंलच की. तिथून कर काम. सकाळी त्याला डबा, मग तुझं मशीन, संध्याकाळी पुन्हा सैपाक. सीट करून ठेवलीय परवाची.

यावर बोलायचं काय? चुकीचं तर काहीच नव्हतं. हे मला फार नंतर कळलं की आपल्याला अडवणारे वाईट बोलत नाहीत, सोयीचं बोलतात. तेव्हा मला एवढंच कळलं की मी डोकं फोडून, भांडून, सगळ्या गल्लीसमोर उभी राहून जे मिळवलं त्याची यांनी घडी घातली आणि बालाजीच्या डब्याखाली ठेवून दिली. मी म्हटलं, "मी न्हाई जानार." अण्णांनी विचारलं, का? मी म्हटलं, "कारण मला न्हाई जायचं." त्या घरात बाईनं दिलेलं एवढं छोटं उत्तर आधी कुणी ऐकलेलं नव्हतं. मी मशीनसमोर जाऊन बसले, कारण पुण्याचं एक काम खरोखरच अर्धं होतं, आणि उभी राहिले असते तर रडले असते.

तेवढ्यात फोन वाजला. लातूरहून बालाजी, बूथवरून. अण्णांनी घेतला, हां, हां केलं, आणि रिसीव्हर माझ्याकडे धरला. "बोल. कवा येनार इचारून राहिलाय. मेस सोडली म्हनतो त्यानं, तू येनार म्हनून." म्हणजे मी नाही म्हणायचं ते आता एका उपाशी भावाला म्हणायचं होतं. बालाजी आज लातूरलाच दवाखाना चालवतो, चांगला पोटसुटा डॉक्टर आहे, आणि अजून राखीला येतो तेव्हा माझ्या नवऱ्याला सांगतो की ताईनं मला उपाशी ठेवलं होतं. सांगू दे. तेव्हा मात्र माझे हात कीबोर्डवर तसेच राहिले.

माय मोरीतून आली. हात ओले होते, ते पदराला पुसले, आणि अण्णांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. आमच्या घरात कुणाचा फोन आला आणि अण्णा कागद घेऊन बसलेले असले की माय सांगायची, ते कामात हायेत. हा शब्द तिनं कधी स्वतःसाठी वापरला नव्हता, दिवसभर राबून. गल्लीतल्या कुठल्याच बाईसाठी मी तो ऐकला नव्हता.

"ती कामात हाय," माय फोनमध्ये म्हणाली. "माझ्याशी बोल. मेस सोडलीस? मग दुकानातून लहान कुकर आन उद्या. न्हाई, ती न्हाई येनार. कारन तिला काम हाय म्हनून, दुसरं कशाला? तुझा अभ्यास हाय तसं तिचं हाय. आता रडू नको, ऐक. तांदूळ दोनदा धुवायचे. डाळ मूठभर. वर बोटाचं पेर बुडंल एवढं पानी. मोठ्यानं म्हन, मला ऐकू येऊ दे."

अण्णा तिथंच उभे होते, हात अजून पुढेच. माय त्यांच्याकडे न बघता बोलत राहिली, हळद किती, मीठ किती, शिट्ट्या किती. मी पडद्याकडे वळले आणि राहिलेली ओळ टाईप केली.